बदली नव्हे, शिक्षण

गेल्या उन्हाळ्यात मावशीने मला गाठले. तिची मुलगी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिन विषयात एम.डी. करते आहे. मावशी म्हणाली, "बाबा, पोरीला तीन महिन्यांसाठी जिल्ह्याच्या दवाखान्यात धाडलंय म्हणं. काय चुकलं रं तिचं?"

मावशीने हयातभर नगरपालिकेत झाडू मारला. मुकादमाची मर्जी गेली की वॉर्ड बदलतो, हा तिचा अनुभव. बदली म्हणजे शिक्षा, एवढाच अर्थ या व्यवस्थेने तिला शिकविला. मी कॉलेजात शिकवितो. पण घरातला पहिला पदवीधर असल्याने डॉक्टर कसा घडतो हे मलाही ठाऊक नव्हते. ते समजून घेतले, आणि प्रश्न एकट्या मावशीचा नाही म्हणून येथे मांडतो आहे.

एम.बी.बी.एस. झालेला डॉक्टर एम.डी. वा एम.एस.साठी तीन वर्षे रुग्णालयात 'निवासी' म्हणून राबतो. तो विद्यार्थीही असतो आणि विद्यावेतनावरचा नोकरही. वॉर्ड हा त्याचा वर्ग, रुग्ण हे त्याचे पुस्तक. सरकारी रुग्णालयाच्या खाटेवरचा माणूस बहुतांशी आपलाच असतो. म्हणजे आपल्या देहावर या देशातले तज्ज्ञ घडतात, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे.

ही पद्धत अमेरिकेतील बाल्टिमोर येथे १८८९ साली सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम ऑस्लर प्रभृतींनी रुजविली. शिकाऊ डॉक्टराने रुग्णालयातच राहावयाचे, म्हणून तो निवासी. त्याच रुग्णालयात काळ्या रुग्णांचे वॉर्ड मात्र वेगळे होते. काळ्या डॉक्टरांना गोऱ्यांच्या बहुतेक रुग्णालयांत निवासी म्हणून प्रवेशच नव्हता. त्यांना सेंट लुईसमध्ये १९३७ साली उघडलेल्या होमर जी. फिलिप्ससारख्या मोजक्या रुग्णालयांत शिकावे लागले. आपल्याकडेही पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या अखिल भारतीय कोट्यात अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण मिळावयास २००७ साल उजाडावे लागले. तात्पर्य, कोणत्या रुग्णालयाचे दार कोणाला उघडते, हा प्रश्न या शिक्षणाला जन्मापासून चिकटलेला आहे.

आता मावशीच्या प्रश्नाकडे येऊ. २०२० च्या नियमदुरुस्तीने 'जिल्हा निवासी कार्यक्रम' आला आणि २०२३ च्या नियमांतही तो कायम राहिला. पदव्युत्तर विद्यार्थ्याने तिसऱ्या, चौथ्या वा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावयाचे. विद्यावेतन चालूच राहते. हे तीन महिने समाधानकारक रीतीने पुरे केल्यावाचून अंतिम परीक्षेला बसता येत नाही. तेव्हा ही शिक्षा नव्हे. अभ्यासक्रमाचाच भाग आहे.

त्यामागचा विचार खोटा नाही. मोठ्या रुग्णालयात रुग्ण येतो तो बहुधा चार दारे हिंडून, आजार बळावल्यावर. तेथे तपासणीची यंत्रे हाताशी असतात, वरिष्ठ शेजारी असतात. जिल्ह्याच्या ठिकाणी मात्र सर्पदंश, कीटकनाशकाची विषबाधा, क्षय, रक्तक्षयाने पांढरी पडलेली गरोदर मजूर स्त्री समोर येते, आणि निर्णय अपुऱ्या साधनांनिशी घ्यावा लागतो. एकाच रुग्णालयात शिकलेल्याला आजाराचा एकच चेहरा दिसतो.

परंतु आपल्या समाजाने रुग्णालयांचीही उतरंड रचली आहे. शहरातले ते वरचे, जिल्ह्यातले ते खालचे. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचीच ही पडछाया. म्हणून वरच्या रुग्णालयातला मुलगाही जिल्ह्याला जाणे शिक्षाच मानतो. आणि जिल्ह्यात शिकविणारा तज्ज्ञच नसेल, तर निवासी डॉक्टर म्हणजे रिकाम्या जागेवरचा स्वस्त मजूर ठरतो. मग मावशीचा संशय खरा ठरावयास वेळ लागत नाही.

निवास, वाहतूक व सुरक्षितता यांची सोय राज्य शासनाने करावी, असे नियम सांगतो. माझ्या मावसबहिणीला क्वार्टर मिळाले नाही. दोन घरमालकांनी आडनाव विचारले आणि खोली आधीच दिल्याचे सांगितले. शेवटी एका परिचारिकेने तिला आपल्या घरी ठेवून घेतले. ज्यांना आडनाव कोणी विचारीत नाही, त्यांच्यासाठी 'सोय करावी' हे दोन शब्द कागदावर राहिले तरी चालते. आपल्या मुलीसाठी त्या दोन शब्दांवर शिक्षण अवलंबून असते.

म्हणून कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी आपल्या जिल्हा रुग्णालयात जाऊन विचारावे : या कार्यक्रमाचा समन्वयक कोण? निवासी डॉक्टरांवर देखरेख कोण करतो? राहावयाची सोय कोठे आहे? ही विचारणा जशी आपल्या मुलांसाठी, तशीच त्या खाटेवरच्या रुग्णासाठीही आहे. कारण शिकविले न गेलेल्या डॉक्टराच्या चुकीची किंमत तोच मोजतो.

हे सारे मी मावशीला सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मंग शिकू दे की. पर तिथं तिला शिकवितंय कोण, त्ये इचार."

तो प्रश्न मी आपणापुढे ठेवीत आहे.