अल्बम की बॉक्स सेट? जॅझचा संग्रह करताना

जॅझची गोडी लागलेल्या माणसापुढे दोन-तीन वर्षांत एक पेच हमखास उभा राहतो. एखादा वादक आवडायला लागतो. त्याचे दोन अल्बम घरात येतात. तिसरा शोधायला जावं, तर समोर एक जाडजूड खोका दिसतो. आत सात-आठ सीडी, सोबत जाड पुस्तिका आणि वर ठळक अक्षरांत शब्द, ‘कम्प्लीट’. हिशेब केला तर एका सीडीमागची किंमत सुट्या अल्बमपेक्षा कमीच पडते. मग मन म्हणतं, सगळंच एकदम घेऊन टाकू या की! या मोहाकडे आज आपण जरा थांबून पाहणार आहोत.

आपल्याकडे हा निर्णय चुकला तर महागात पडतो. मुंबईत काळा घोड्याजवळचं ऱ्हिदम हाऊस २०१६ साली बंद झालं. आता असे संच बहुतेक वेळा परदेशातून मागवावे लागतात. खोका वजनदार, त्यामुळे टपालखर्च जास्त, त्यावर सीमाशुल्क. कोकणपट्टीत राहत असाल तर पावसाळ्यात पुठ्ठ्याला बुरशी धरते, ते वेगळंच. पण पैशापेक्षा मोठा खर्च वेळेचा आहे. आठ सीडी एकदा ऐकायलाच सात-आठ तास लागतात, आणि जॅझ काही एकदा ऐकून पोटात जात नाही. कपाटात न उघडलेले खोके वाढत गेले, की हळूहळू ऐकणं मागे पडतं आणि जमवणं तेवढं उरतं. संग्राहकाला खरा धोका आहे तो हा.

मग ठरवायचं कसं? आम्हांला एक साधी कसोटी उपयोगी वाटते. समोरचं संगीत मुळात कोणत्या मापात तयार झालं, हे आधी विचारावं. जॅझच्या इतिहासात अशी तीन मापं स्पष्ट दिसतात: तीन मिनिटांची तबकडी, चाळीस मिनिटांची एलपी आणि एक अख्खी रात्र. ज्या मापात संगीत घडलं, त्याच मापात ते विकत घ्यावं.

पहिलं माप पाहू. १९४८ साली कोलंबिया कंपनीने एलपी बाजारात आणली. त्याआधीचा काळ ७८ फेऱ्यांच्या तबकडीचा. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत. आपल्याला हे नवीन नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकताना, तासभर चालणारा राग तीन मिनिटांत कसा बसवला असेल, याचं नवल आपण करतोच. ‘अल्बम’ हा शब्दही त्याच काळातला. फोटोंच्या अल्बमसारखं पुस्तक असायचं आणि त्याच्या पानांच्या खिशांत तबकड्या ठेवलेल्या असायच्या.

लुई आर्मस्ट्राँगने १९२५ ते १९२८ या काळात ‘हॉट फाइव्ह’ आणि ‘हॉट सेव्हन’ या वाद्यवृंदांबरोबर जे ध्वनिमुद्रण केलं, त्याने जॅझची दिशा बदलली. पण त्यातला एकही तुकडा एलपीसाठी वाजवलेला नव्हता. पुढे त्यांचे ‘अल्बम’ निघाले, ते दुसऱ्या कोणीतरी नंतर केलेली निवड होते. इथे सुटा अल्बम म्हणजे मूळ कलाकृती नव्हेच. या काळासाठी सरळ बॉक्स सेट घ्यावा. तारीखवार ऐकत गेलं, की सगळ्यांनी मिळून एकदम वाजवायच्या पद्धतीतून एकट्याने पुढे येऊन वाजवणारा वादक कसा घडत गेला, ते तीन-चार वर्षांच्या पट्ट्यात कानांना ऐकू येतं.

चार्ली पार्करचंही तसंच. सॅव्हॉय आणि डायल या कंपन्यांसाठी त्याने १९४० च्या दशकात केलेलं काम तबकड्यांचंच. २००० साली ते आठ सीडींच्या संचात एकत्र आलं. त्यात एकाच रचनेचे अनेक टेक आहेत, मध्येच तुटलेलेही. एक सावधगिरी मात्र हवी. असे टेक ओळीने ऐकले तर तिसऱ्या वेळी कान कंटाळतो. मंजूर झालेला टेक आधी आठवडाभर ऐकावा, बाकीचे मग काढावेत. पार्कर दर टेकला नवं काही वाजवतो, हे पहिलं पाठ झाल्याशिवाय कळतच नाही.

आता दुसरं माप, एलपी. इथे सगळं चित्र पालटतं. एलपीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं मिळाली, आणि कोणती रचना आधी, कोणती नंतर, पहिली बाजू कुठे संपवायची, याला अर्थ आला. काव्यसंग्रहाचं उदाहरण घ्या. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ हा एक संग्रह आहे, आणि त्यांच्या सगळ्या कविता एकत्र असलेलं ‘मर्ढेकरांची कविता’ हेही आपल्या कपाटात असतं. दोन्हींचा उपयोग आहे. पण वेगवेगळे संग्रह मोडून कोणी सगळ्या कविता लेखनाच्या तारखेप्रमाणे लावल्या आणि मध्ये मध्ये खोडलेले खर्डे घातले, तर अभ्यासकाला आनंद होईल, नव्या वाचकाची मात्र वाट चुकेल.

जॅझच्या अनेक बॉक्स सेटमध्ये नेमकं हेच होतं. माइल्स डेव्हिसचा १९६९ चा ‘इन अ सायलेंट वे’ घ्या. १८ फेब्रुवारीला स्टुडिओत वादकांनी पुष्कळ वाजवलं. निर्माता टिओ मासेरो याने त्या फिती कापल्या, जोडल्या आणि दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीचा संथ भाग शेवटी पुन्हा तसाच्या तसा लावला. ऐकणाऱ्याला वाटतं, वादक फिरून मूळ जागी आले. प्रत्यक्षात ती कात्रीची करामत आहे, आणि त्या अल्बमचं सौंदर्य तिच्यावरच उभं आहे. २००१ साली निघालेल्या तीन सीडींच्या संचात त्या काळातल्या सेशन्सचा कच्चा मालही ऐकायला मिळतो. अल्बम अंगवळणी पडलेल्याला तो संच म्हणजे मेजवानी. ज्याने अल्बम ऐकलेलाच नाही, त्याच्या हाती आधी तो पडला तर गंमत अर्धी होते. म्हणून एलपीच्या काळासाठी आमचं सांगणं असं: आधी सुटा अल्बम घ्यावा, बॉक्स सेट नंतर.

अर्थात सगळे बॉक्स सेट अल्बम मोडत नाहीत. डेव्हिसच्याच कोलंबियासाठीच्या अल्बमांचा एक प्रचंड संच २००९ साली निघाला, सत्तर सीडींचा. त्यात प्रत्येक अल्बम आपापल्या छोट्या वेष्टनात सुटा राहतो. पाच-पाच अल्बमांचे लहान संचही असतात. हे खरं म्हणजे एका खोक्यात ठेवलेले सुटे अल्बमच. जागा आणि पैसे वाचत असतील तर जरूर घ्यावेत. फक्त खरेदीआधी रचनांची यादी पाहावी. मूळ अल्बमचा क्रम जसाच्या तसा आहे, की तारखेप्रमाणे सगळं विस्कटलंय? एवढं एक पाहिलं तरी निम्म्या चुका टळतात.

आणखी एक स्वस्त प्रकार बाजारात दिसतो. युरोपात जुन्या ध्वनिमुद्रणांचा हक्क पन्नास वर्षांनी संपत असे. २०१३ मध्ये ही मुदत सत्तर वर्षं झाली, पण १९६२ पर्यंतची मुद्रणं तोवर मोकळी झालेली होती. त्यामुळे आठ अल्बम चार सीडींवर दाबून बसवलेले संच निघाले. ओळख करून घ्यायला ते ठीक आहेत. पण बऱ्याचदा ते मूळ फितीवरून केलेले नसतात आणि कोण वाजवतंय याची धड नोंदही नसते. आवाजाच्या बाबतीत कोणती आवृत्ती, याला महत्त्व आहे. डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची पहिली बाजू कित्येक वर्षं किंचित चढ्या सुरात ऐकू येत होती, कारण १९५९ साली ध्वनिमुद्रणाचं यंत्र जरा हळू चाललं होतं. ही चूक १९९२ सालच्या आवृत्तीत दुरुस्त झाली. त्याआधीची प्रत ऐकून कोणी पेटी किंवा गिटार जुळवायला बसला असेल, तर त्याला ती का जुळेना, हे आता कळेल.

तिसरं माप रात्रीचं, म्हणजे मैफलीचं. आणि आम्हांला वाटतं, इथेच बॉक्स सेटची खरी ताकद दिसते. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबात २५ जून १९६१ रोजी, रविवारी, पियानोवादक बिल एव्हन्सच्या त्रयीने दुपारी दोन आणि संध्याकाळपासून तीन, असे पाच सेट वाजवले. बासवर स्कॉट लाफारो, ड्रमवर पॉल मोशन. अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. तो पंचवीस वर्षांचा होता.

त्यानंतर ‘संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ हा अल्बम निघाला, तो लाफारोला डोळ्यांसमोर ठेवून. पहिली आणि शेवटची रचना त्याचीच, आणि त्याच्या बासला पुरेसा वाव मिळालेले टेक निवडलेले. उरलेल्यातून पुढच्या वर्षी ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ आला. दोन्ही अल्बम थोर आहेत. पण पहिला अल्बम ऐकताना आपण एका श्रद्धांजलीला बसलेले असतो.

२००५ साली तीन सीडींचा पूर्ण संच आला. त्यात त्या दिवशीचं वादन जसं घडलं तसं, त्याच क्रमाने आहे. ‘ऑल ऑफ यू’ तीनदा येतं. पहिल्याच रचनेत वीज जाऊन ध्वनिमुद्रण मध्ये तुटतं. लोक बोलतायत, ग्लास किणकिणतायत, टाळ्या तुरळक. लाफारो अकरा दिवसांनी जाणार आहे, हे तिथे कोणालाच ठाऊक नाही. त्याच्यासाठी तो कामाचा एक रविवार आहे. अल्बममध्ये आपल्याला गेलेला लाफारो भेटतो, संचात जिवंत. या एका फरकासाठी दोन्ही घेतले, तरी तो खर्च दुबार झाला असं आम्ही म्हणणार नाही.

जॉन कोल्ट्रेनचंही असंच. त्याच क्लबात नोव्हेंबर १९६१ मध्ये चार रात्री त्याचं ध्वनिमुद्रण झालं. १९६२ च्या अल्बममध्ये त्यातल्या फक्त तीन रचना होत्या. चार सीडींचा पूर्ण संच यायला १९९७ साल उजाडलं. त्यात ‘इंडिया’ ही रचना वेगवेगळ्या रात्री वेगवेगळी उलगडते. कालचा यमन आणि आजचा यमन यांतला फरक ऐकायची सवय असलेल्या आपल्या श्रोत्यांना हा संच फार लवकर जवळचा वाटेल.

आता व्यवहाराच्या दोन गोष्टी. काही संच मर्यादित प्रतींतच निघतात. मोझेक ही अमेरिकी कंपनी १९८३ पासून हेच काम निगुतीने करत आली आहे. थेलोनियस मंकच्या ब्लू नोट कंपनीसाठीच्या ध्वनिमुद्रणांनी तिची सुरुवात झाली. असे संच संपले की वापरलेल्या प्रतींच्या किमती चढतात. मग ‘आत्ता नाही तर कधीच नाही’ अशी घाई होते. अशा वेळी स्वतःला एवढंच विचारावं, की या वादकाचे निदान तीन अल्बम आपल्याला पाठ आहेत का. नसतील, तर संच हातचा गेला तरी फारसं बिघडलेलं नाही. दुसरं म्हणजे, बॉक्स सेट घेतला तर एका वेळी एकच सीडी बाहेर काढावी, पुस्तिकेतलं तेवढंच प्रकरण वाचावं, आणि ती सीडी ओळखीची होईपर्यंत खोका बंद ठेवावा.

पुढच्या व्याख्यानापर्यंत एक प्रयोग करून पाहा. ‘जेड व्हिजन्स’ ही लाफारोची छोटीशी रचना आधी त्या रविवारच्या अल्बमच्या शेवटी ऐका. मग पूर्ण संचात तिचे दोन्ही टेक ऐका, आणि त्यानंतर तुमचा पुढचा पैसा कुठे जायला हवा, ते तुमचं तुम्हीच ठरवा.