‘बॅटरी नवीन टाकली आहे’ म्हणजे नेमकं काय?

जुनी हायब्रिड घेताना विकणारा हे वाक्य हमखास सांगतो. तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा: अख्खा पॅक बदलला की एखाददुसरं मॉड्यूल? २०१३ ला आपल्याकडे आलेल्या कॅमरी हायब्रिडच्या निकेल-मेटल हायड्राइड पॅकमध्ये ३४ मॉड्यूल असतात. त्यातलं एकच नवं टाकलं, तर बाकीची जुनी मागोमाग मान टाकतात. म्हणून बिल मागाच. त्यावर पॅकचा क्रमांक, तारीख, किलोमीटर आणि वॉरंटी हवी. ती तुमच्या नावावर होते का, हेही विचारा.

बाभुळगावकरांनो, आपल्याकडे आणखी एक गोष्ट महत्त्वाची. उन्हाळा कडक आणि कापसाच्या हंगामात धूळ, तंतू सगळीकडे. बऱ्याच हायब्रिडमध्ये बॅटरीला थंड हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून मिळते. ती तुंबली की नवी बॅटरीही लवकर जाते. जाळी आधी बघा, माझ्या मते रंगापेक्षा ती जास्त बोलते.

मग धामणगाव रोडवर दुपारच्या उन्हात, एसी लावून गाडी चालवा. चार्जचा काटा झपाट्याने वरखाली होत असेल, पंखा सतत घोंघावत असेल, तर स्कॅनर लावून प्रत्येक ब्लॉकचं (म्हणजे मॉड्यूलच्या गटाचं) व्होल्टेज तपासून घ्या. नारिंगी केबलला मात्र हात लावू नका, त्यात शेकडो व्होल्ट असतात.