देठ घ्यावा, पान टाकावे

काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी रेवाचिनी जुन्या मराठी घरांना अपरिचित नाही. मुळाचे ते पिवळसर, कडवट तुकडे सारक म्हणून वापरले जात. याच रेवाचिनीच्या जातकुळीतील रुबार्ब नावाची वनस्पती इंग्लंडमध्ये घरोघरच्या परसात वाढते. तिचे लालसर, आंबट देठ साखरेत शिजवून जेवणाच्या शेवटी आवडीने खातात. पान मात्र विषारी म्हणून टाकून देतात. मूळ औषध, देठ अन्न आणि पान विष, अशी या वंशाची तिहेरी ख्याती आहे. आपला आंबट चुकाही याच कुळातला. त्यामुळे रुबार्बची चव मराठी जिभेला अगदीच परकी वाटू नये.

औषधी मूळ शतकानुशतके चीनमधून तांड्यांबरोबर पश्चिमेकडे जाई. त्याचे महत्त्व एवढे की, अफूच्या व्यापाराविरुद्ध उभे राहिलेले चिनी अधिकारी लिन त्सेशू यांनी 1839 साली व्हिक्टोरिया राणीला उद्देशून लिहिलेल्या पत्रात, चहा आणि रेवाचिनी यांवाचून परदेशीयांचे चालणार नाही, असे सुचविले होते. देठ खाण्याची चाल मात्र युरोपात पुढे वाढली. देठ इतका आंबट की साखरेवाचून तो घशाखाली उतरत नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकात साखर स्वस्त झाली, तेव्हाच रुबार्ब सामान्यांच्या ताटात आला.

रुबार्ब बहुवर्षायू आहे. थंडीत त्याची पाने झडून जातात, गड्डा जमिनीत झोपी जातो आणि वसंतात पुन्हा फुटतो. ही थंडीची झोप त्याला आवश्यकच असते. लागवड बियांपेक्षा गड्ड्याच्या तुकड्यांनी करणे बरे, कारण बियांची रोपे मूळ झाडासारखी निघतीलच असे नाही. प्रत्येक तुकड्यावर निदान एक ठसठशीत डोळा असावा. भरपूर कुजलेले शेणखत घातलेल्या, पाणी न साचणाऱ्या जमिनीत सुमारे एक मीटर अंतरावर तुकडे लावावेत आणि डोळा मातीच्या पातळीशी ठेवावा. खोल गेल्यास तो कुजतो.

यापुढे माळ्याच्या संयमाची परीक्षा असते. पहिल्या वर्षी एकही देठ काढावयाचा नाही, दुसऱ्या वर्षी थोडेच काढावयाचे. तिसऱ्या वर्षापासून खरे पीक. देठ सुरीने कापीत नाहीत. बुडाशी धरून किंचित पीळ देऊन ओढून काढतात. एका वेळी निम्म्याहून अधिक देठ घेऊ नयेत आणि मध्य उन्हाळ्यानंतर तोडणी थांबवावी, म्हणजे उरलेली पाने पुढील वर्षाची शिदोरी गड्ड्यात साठवितात. फुलाचा दांडा दिसताच तो काढावा. पाच-सहा वर्षांनी गड्डा उपटून, विभागून पुन्हा लावल्यास झाड तरतरीत राहते.

हिवाळ्याच्या अखेरीस गड्ड्यावर बादली किंवा उंच मातीचे भांडे पालथे घालतात. अंधारात देठ उजेडाच्या शोधात झपाट्याने वाढतात. ते कोवळे, गुलाबी आणि कमी आंबट होतात. इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात वेकफील्डच्या आसपास हेच काम मोठ्या अंधाऱ्या शेडमधून चालते आणि तोडणी मेणबत्तीच्या उजेडात होते. तेथील या उत्पादनाला 2010 साली युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण मिळाले. मात्र असे राबविलेले झाड थकते. परसातल्या झाडाला पुढे निदान एक वर्ष पूर्ण विश्रांती द्यावी.

स्वयंपाक अगदी सोपा. देठांचे बोटभर तुकडे करून साखर व अगदी थोडे पाणी घालून मंद आचेवर मऊ करावेत. आले किंवा संत्र्याची साल घातल्यास स्वाद खुलतो. आंबटपणामुळे ॲल्युमिनियमची किंवा बिनकल्हईची पितळी भांडी टाळावीत. देठातही ऑक्झॅलिक आम्ल थोडे असतेच. तेव्हा मुतखड्याचा विकार असणाऱ्यांनी तो जपूनच खावा.

आता पानाविषयी. पानात हे आम्ल देठाहून पुष्कळ अधिक असते. पहिल्या महायुद्धात भाजीची टंचाई असताना ब्रिटनमध्ये रुबार्बची पाने पालेभाजी म्हणून खाण्याचा सल्ला दिला गेला आणि त्यातून विषबाधा होऊन माणसे दगावली. मराठी गृहिणीने तर येथे विशेष सावध असावे. अळू चिंच घालून शिजविले की त्याची खाज जाते, हा तिचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. पण तो या पानाला लागू पडत नाही. रुबार्बचे पान शिजविल्याने निर्धोक होत नाही. त्याची जागा खताच्या खड्ड्यात. तेथे ते निरुपद्रवीपणे कुजते.

महाराष्ट्राच्या सखल भागातील उन्हाळा व पावसाळा या थंडीच्या झाडाला मानवत नाही. पण हिमालय तर रेवाचिनीचे माहेरच. तेथील रानटी जातीला काश्मिरात पंबचालन, तर उत्तराखंडात डोलू म्हणतात. औषधासाठी मुळे खणली गेल्याने ती अनेक ठिकाणी दुर्मिळ झाली आहे. देठ काढला तर झाड पुन्हा फुटते. मूळ खणले की झाडच संपते. म्हणून डोंगराळ प्रदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबाने रुबार्ब हवा तर परसात लावावा, रानातील मुळाला हात लावू नये. झाडाचे काय घ्यावे आणि काय सोडावे, हे कळणे हीच बागकामातील पहिली विद्या होय.