सातमाळ्याच्या पायथ्याची एक खासगी पाळ

चाळीसगावाहून पाटणादेवीस जाणाऱ्या प्रवाशाला चंडिकेचे मंदिर, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाची हकीकत सांगणारा शके ११२८ चा शिलालेख आणि गौताळ्याचे अरण्य यांविषयी सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु सडकेपासून आत, एका बागायतदाराने स्वतःच्या सातबाऱ्यावरील ओहोळ अडवून स्वखर्चाने घातलेल्या मातीच्या पाळीकडे कोणी बोट दाखवीत नाही. पूर्व विदर्भातील मालगुजारांनी तलाव राखले ते भाताकरिता; येथे मात्र एक होडी, बाभळींच्या सावलीतील चार बाके आणि सुटीच्या दिवशी डबे घेऊन येणारी शहरातली कुटुंबे, एवढाच या जलाशयाचा व्यवहार आहे. अवर्षणाच्या मुलखात विरंगुळ्यासाठी पाणी साठवावे काय, असा आक्षेप कोणी घेईल. पण खालच्या अंगाच्या विहिरींना त्याच पाण्याचा पाझर लाभतो, हे ध्यानात घेतले पाहिजे.

ही पाळ रचणारा वृद्ध माती-वडार जवळच्याच वस्तीत राहतो. गाभ्याची काळी माती तो ओली करून तळहातांत वळीत असे, आणि सुतळीएवढी बारीक होईतो ती तुटली नाही तरच पसंत करी; मग वीतभर थर, त्यावर पाण्याचा शिडकावा, वरून बैलांची तुडवण, असे करीत करीत गाभा वर आला, त्यावर मुरूम चढला आणि पाण्याच्या अंगास दगडांचे पिचिंग बसले. हे सांगताना त्याचे हात आपोआप हवेत माती वळू लागतात. असे हस्तज्ञान आज यंत्राच्या घाईत लोपत आहे, याचे मला मनस्वी दुःख होते.

त्याची खरी चिंता सांडव्याची आहे. सांडव्याच्या तोंडाशी आता पाहुण्यांसाठी ओटा बांधला गेला आहे, आणि पाणी माथ्यावरून वाहू लागले म्हणजे मातीची पाळ पाहता पाहता कापली जाते. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर आणि डोंगरी या नद्यांनी चाळीसगावात घातलेला हाहाकार येथे कोणी विसरलेले नाही. त्याच वर्षीचा धरण सुरक्षा कायदा पंधरा मीटरांहून उंच धरणांना आणि काही अटींवर दहा मीटरांवरील धरणांना लागू आहे. असल्या ठेंगण्या खासगी पाळी त्याच्या कक्षेबाहेरच राहतात, म्हणून देखरेखीचा सारा भार मालकाच्या विवेकावर येतो.

मृगापूर्वी ओटा काढण्याचे मालकांनी कबूल केले आहे. वाद उरला आहे तो पाळीवरच उगवलेल्या त्या बाभळींचा: पाहुण्यांना सावली हवी म्हणून मालक त्यांना हात लावू देत नाहीत, आणि मुळे कुजली की पाण्याला वाट सापडते, सबब उन्हाळ्यातच ती खणून काढून खड्डे चिकणमातीने ठोकून भरावेत, हा म्हाताऱ्याचा आग्रह कायम आहे.