नाव काय लिहू?

माल आहे, गिऱ्हाईक आहे, कायद्यात नाव घेऊन केलेली बंदीही नाही. मग 'तसल्या' वस्तूंच्या छोट्या धंद्यात माणूस अडतो कुठे?

'माझं नाव छापायचं नाही हं!' ही तिची पहिली अट. 'कंपनीचं पण नाही. एरियासुद्धा नको.'

अगं, मग छापू काय?

'पुणं म्हण. पुण्यात काय, कुणीही असू शकतं!'

तर, पुणं. वय 29, सात वर्षं आयटीत, पगार चांगला. शनिवारच्या दुपारी आम्ही दोघी एका कॅफेत बसलोय. तिच्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट उघडी आहे. पर्सनल मसाजर, ल्युब्रिकंट, जोडप्यांसाठी गिफ्ट बॉक्स. पुढे खरेदीचा भाव, विक्रीचा भाव, पॅकिंगचा खर्च. बायकांनी बायकांसाठी चालवलेला, नीटनेटका, अजिबात 'चीप' न वाटणारा ब्रँड काढायचा, असा एकूण फंडा. दोन वर्षं पैसे साठवलेत. आणि वेटर पाणी ठेवायला आला की बाईसाहेब लॅपटॉप अर्धा मिटतात!

ही धंदा करणार कसा, असं माझ्या मनात आलंच. पण मग आठवलं, केमिस्टच्या दुकानात गर्दी ओसरायची वाट बघत उगाच व्हिक्सच्या गोळ्या घेणारी माणसं म्हणजे आपणच की. जे मागायचंय ते बोट दाखवून मागायचं, तोही ते न बोलता कागदात गुंडाळून देणार. गिऱ्हाईक नाव घेत नाही, दुकानदारही घेत नाही. तरी व्यवहार होतोच. तिचा सगळा धंदा त्या दोघांच्या गप्प बसण्यात अडकलाय.

ही आजची गोष्ट नाही. रघुनाथ धोंडो कर्वे विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांना ती नोकरी सोडावी लागली. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं आणि 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक. त्यात कुजबुज नव्हती, सगळं सरळ नाव घेऊन. बदल्यात अश्लीलतेचे खटले! 1934 च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. खटला हरले, दंड झाला, मासिक मात्र 1953 मध्ये कर्व्यांचं निधन होईपर्यंत चालू राहिलं. मैत्रिणीला हे माहीत होतं. 'त्यांचं ठीक आहे गं, ते कर्वे होते,' एवढंच म्हणाली.

धंद्याच्या बाजूने बघायचं तर मोठी उडी 1991 ची. तोपर्यंत कंडोम म्हणजे 1968 पासूनचा सरकारी 'निरोध'. लाल त्रिकोण, छोटं कुटुंब, कर्तव्य! मग आला 'कामसूत्र'. जाहिरातीमागे अलेक पदमसी, फोटोत पूजा बेदी आणि मार्क रॉबिन्सन. वस्तू तीच, पण आता ती कर्तव्यासाठी नव्हे, सुखासाठी होती आणि हे नावातच सांगून टाकलेलं. बोंबाबोंब झाली, पण खपही झाला. अर्थात मागे बड्या उद्योगसमूहाचा पैसा होता. आपल्या मैत्रिणीच्या मागे तिचा प्रॉव्हिडंट फंड आहे.

बड्यांनाही हे सोपं जातं असं नाही. डिसेंबर 2017 मध्ये माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने टीव्ही चॅनेल्सना सांगितलं, कंडोमच्या जाहिराती रात्री 10 ते सकाळी 6 एवढ्याच वेळात दाखवा. मग त्याच महिन्यात खुलासा आला की हे फक्त उत्तान जाहिरातींसाठी होतं. हीच वस्तू जीएसटीत मात्र करमुक्त. म्हणजे सरकारला ती आवश्यक वाटते, फक्त दिवसाउजेडी दिसायला नको.

दुकान थाटावं तर? 2021 च्या फेब्रुवारीत, व्हॅलेंटाइनच्या मुहूर्तावर, गोव्यात कळंगुटला 'कामा गिझ्मोज' नावाचं दुकान उघडलं. भारतातलं पहिलं कायदेशीर सेक्स टॉय शॉप म्हणून देशभर बातम्या झळकल्या. मार्चमध्ये शटर खाली. ट्रेड लायसन्स नाही म्हणून पंचायतीने बंद करायला लावलं. शिवाय गावातून तक्रारीही होत्या. कळंगुटसारख्या ठिकाणी, जिथे बीचवर काय काय चालतं! पण मला विचाराल तर यात पंचायतीला हसण्यापेक्षा शिकण्यासारखं जास्त आहे. अशा धंद्यात संस्कृतीच्या नावाने आरडाओरडा करणारे असतातच, पण धंदा बंद पाडायला एक राहिलेला कागद पुरतो.

कायद्याचंही तसंच. या वस्तूंचं नाव घेऊन बंदी घालणारं कलम नाही. आहे ते अश्लील वस्तूंच्या विक्रीचं. आधी भारतीय दंड विधानाचं 292, आता 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 294. अश्लील म्हणजे काय, हे समोरच्या अधिकाऱ्याच्या नजरेवर. आयातीसाठी कस्टम्सची 1964 ची अधिसूचना आहे, तिच्यातही तोच शब्द. मुंबईत कस्टम्सने बॉडी मसाजरचा माल जप्त केला, का तर त्याचा 'तसला' वापर होऊ शकतो म्हणून. प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत गेलं. मार्च 2024 मध्ये कोर्टाने सांगितलं की ही अधिकाऱ्याची स्वतःची कल्पनाशक्ती आहे, जप्ती चूक. आमच्या मैत्रिणीने ही बातमी सेव्ह करून ठेवलीय. मी म्हटलं, पण बाई, ती केस जिंकली ती मसाजर हा मसाजरच आहे म्हणून! तुझा जो आहे तो आहे म्हणून नव्हे. ती थोडा वेळ गप्प झाली.

दारावर आजी

आता रोजच्या कटकटी. इन्स्टाग्राम-फेसबुकचे नियम सांगतात, गर्भनिरोधक किंवा आरोग्य म्हणून जाहिरात करा, तीही 18 वर्षांपुढच्यांनाच दाखवा. सुख हा शब्द आला की जाहिरात उडाली. कित्येक पेमेंट गेटवेंच्या नको त्या धंद्यांच्या यादीत 'अॅडल्ट' असतंच. म्हणून मग 'वेलनेस'. 'इंटिमेट केअर'. 'सेल्फ-लव्ह'. तिच्या शीटमध्ये अशा गोड शब्दांचा एक स्वतंत्र कॉलमच आहे!

त्यातून माल विकला गेलाच, तर पुढे आरटीओ. म्हणजे लायसन्सवालं ऑफिस नव्हे, रिटर्न टू ओरिजिन. गिऱ्हाइकाला कार्डाच्या स्टेटमेंटवर नाव नको असतं, म्हणून तो कॅश ऑन डिलिव्हरी मागतो. मग दारावर कुरियरवाला येतो, दार आजी उघडते, 'कसलं गं पार्सल?' विचारते आणि आतून आवाज येतो, 'आपलं नाही ते, परत पाठव!' पार्सल परत. जाण्यायेण्याचा दोन्ही भाडा-खर्च सहसा विकणाऱ्याच्या बोकांडी. कॅश बंद करावी तर ऑर्डरी कमी, चालू ठेवावी तर आजी. यावर अजून तरी कुणाकडे जादूचा तोडगा नाही.

बाहेरचा खोका साधा, खाकी, कोरा ठेवता येतो. आतल्या डबीला ती सूट नाही. वेष्टनबंद वस्तूंच्या 2011 च्या नियमांप्रमाणे डबीवर उत्पादक, पॅकर किंवा आयातदाराचं नाव आणि पत्ता हवा, एमआरपी हवी, महिना-वर्ष हवं, तक्रारीसाठी फोन नंबर हवा. आणि वस्तूचं सर्वसाधारण नावही हवं. सगळ्या धंद्यात जे टाळायचं, ते इथे छापायचं! पत्ता कुणाचा? ऑफिस भाड्याने घेणं परवडत नाही, म्हणून घरचाच. म्हणजे आईबाबांच्या फ्लॅटचा.

संमतिपत्र

शॉप अॅक्टचं काम सोपं आहे. माणसं थोडी असतील तर ऑनलाइन कळवलं की झालं. पण माल राज्याबाहेर पाठवायचा तर उलाढाल कितीही असो, जीएसटी नंबर लागतो. तो काढताना जागा आपली नसेल तर मालकाचं संमतिपत्र लागतं, सोबत वीजबिल. फ्लॅट बाबांच्या नावावर. म्हणजे एका कागदावर बाबांची सही.

तिने कागद तीनदा टाइप केला. पहिल्यात 'वेलनेस उत्पादने', दुसऱ्यात 'आरोग्यविषयक वस्तू'. बाबा बँकेतून रिटायर झालेत, छोट्या उद्योगांच्या कर्जाच्या फायली बघण्यात आयुष्य गेलं. मोघम लिहिलेला कागद त्यांना लांबून कळतो. तिसऱ्यात तिने जे आहे ते लिहिलं आणि रविवारी सकाळी चहाबरोबर समोर ठेवला. आई स्वयंपाकघरात, कुकर लावलेला. 'शिट्टीच्या आवाजात तरी बोलणं झाकलं जाईल म्हटलं!'

बाबांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. तिने सगळ्या प्रश्नांची तयारी केली होती. लोक काय म्हणतील, सोसायटी काय म्हणेल, तुझ्या लग्नाचं काय. अगदी कर्व्यांपर्यंत!

बाबांनी विचारलं, 'परत येणारा माल किती धरलायस?'

तो आकडा शीटमध्ये नव्हता. एखाद्या कॅश ऑन डिलिव्हरीवाल्या लहान ब्रँडकडून तो मिळतो का, हे ती सध्या विचारत फिरतेय. कागद बाबांच्या टेबलावर, पेपरवेटखाली आहे. आईने तो वाचलाय का, हे अजून कुणी कुणाला विचारलेलं नाही.