कोरफड नव्हे, घायपात!
कुंडीतल्या आजारी रोपाची ओळख आणि उपचार

आपल्या वस्त्यांतून फिरताना गॅलरीत, ओट्यावर, पत्र्याच्या डब्यात किंवा रंगाच्या रिकाम्या बादलीत एक टोकदार पानांचे झाड हमखास दिसते. विचारले तर उत्तर येते, "कोरफड आहे." पुष्कळदा ती कोरफड असतेही. पण दहांतील दोन-तीन ठिकाणी ते घायपात निघते, आणि हा फरक केवळ नावाचा नाही. आमच्या ओळखीच्या एका भगिनीने अशाच "कोरफडीचे" पान कापून त्याचा रस चेहऱ्याला चोळला. तासाभरात गालावर लाल पुरळ उठले, आग थांबेना. दवाखान्यात जावे लागले, आठवडाभर कामावरची रजा पडली. रोजंदारीवरच्या बाईचा आठवडा म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

घायपाताच्या ताज्या रसात कातडीला बोचणारे अत्यंत सूक्ष्म, सुईसारखे स्फटिक असतात, शिवाय साबणासारखे फेसाळणारे द्रव्यही असते. त्यामुळे खाज, पुरळ, कधी फोडसुद्धा येतात. डोळ्यात गेला तर फारच वाईट. म्हणून आधी ओळख, मग उपचार.

ओळख अशी पटवावी. कोरफडीचे पान हिरवे, गुबगुबीत, सहज मोडणारे असते. मोडले की आधी पिवळसर कडू चीक येतो आणि आत काचेसारखा पारदर्शक गर दिसतो. कडेचे काटे मऊ असतात, बोट फिरवले तरी फारसे लागत नाही. घायपाताचे पान मात्र चिवट असते. ते मोडत नाही. कापले तर आत गराऐवजी लांब धागेच धागे निघतात. टोकाला काळपट-तपकिरी, टणक, सुईसारखा काटा असतो. आणखी एक खूण आमच्या फार आवडीची आहे : कडेला मोठे काटे असणाऱ्या जातीत मधल्या कोंबात पाने एकमेकांना घट्ट गुंडाळलेली असतात, त्यामुळे एका पानाच्या काट्यांचे ठसे शेजारच्या पानावर उमटलेले दिसतात. नवीन पान उघडले की जणू शिक्का मारलेला असतो. दोन्ही झाडांचे मूळ देशही वेगळे. कोरफड अरबस्तानाकडची, घायपात अमेरिका खंडातले, मुख्यतः मेक्सिकोतले.

घायपातातही जाती आहेत. निळसर-राखी रुंद पाने आणि कडेला आकड्यासारखे काटे असतील तर ते मोठे अमेरिकन घायपात. त्याचाच पिवळ्या काठाचा प्रकार बंगल्यांच्या बागेत दिसतो. अरुंद पाने व पांढरी किनार असलेले लहान झाड रोपवाटिकांत विकायला असते. आणि तलवारीसारखी सरळ, हिरवी-राखाडी पाने, कडा जवळजवळ गुळगुळीत (लहान रोपाला थोडे बारीक काटे असू शकतात), टोकाला तेवढा काटा, हे सिसल. दोरासाठी जगभर लावतात ते हेच.

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतील विहाराच्या ओट्यावर असेच एक झाड मरायला टेकले होते. महिला मंडळाच्या बैठकीत ते टाकून द्यावे की ठेवावे असा वाद निघाला. एकाने काटेरी झाड दाराशी असू नये, असे वास्तुशास्त्र पुढे केले. विहाराच्या ओट्यावर उभे राहून वास्तुशास्त्र सांगावे, याला काय म्हणावे! बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसांनी झाडाच्या काट्याला घाबरावे ते एवढ्यासाठीच की तो लहान मुलाच्या डोळ्यात जाऊ नये. तेवढी भीती मात्र खरी आहे. तिच्यावर उपाय सोपा : नखे कापायच्या यंत्राने टोकाचा काटा तेवढा छाटावा, आणि कुंडी मुलांच्या वाटेतून बाजूला ठेवावी.

बैठकीत एक वृद्ध आजी बसल्या होत्या. मातंग समाजातले त्यांचे कुटुंब, धम्मदीक्षा घेतलेले. त्या म्हणाल्या, "कोरफड म्हनू नगा बाबांनो. हे केकताड हाय. ह्येचाच वाख काढून आमी दावी वळली." मग त्यांनी सांगितले ते आम्ही सारे गप्प बसून ऐकले. बांधावरची पाने कापून आणायची, ओढ्याच्या पाण्यात दगडाखाली कुजवायची, मग ठेचायची, धुवायची, वाळवायची. तो कुजका वास अंगाला बसायचा, हात कोपरापर्यंत खाजायचे. शंभर किलो पाने ठेचावीत तेव्हा तीन-चार किलो वाख हाती यायचा. त्याची दावी, कासरे, चऱ्हाटे, शिंकी, मुसकी सगळ्या गावाला पुरवायची आणि सुगीला खळ्यावर बलुत्यासाठी उभे राहायचे. ज्यांच्या दोरावर गावाची मोट चालली, त्यांना त्याच विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. पुढे नायलॉनचे दोर आले आणि वाखाचा धंदा बसला.

यावर एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "मग ही गुलामीची खूण विहारात कशाला?" त्याच्या रागाचा आम्हाला आदर आहे. जातीने लादलेली कामे सोडा, हे बाबासाहेबांनी महाडच्या १९२७ च्या परिषदेतच सांगितले. परंतु लादले ते जातिव्यवस्थेने, झाडाने नव्हे. आजींनी त्याला एवढेच सांगितले की माझ्या मालकाच्या हाताला जे कसब होते ते कुणी दान दिले नव्हते. झाड ठेवायचे ठरले. मग ते जगवायचे कसे, हा प्रश्न उरला.

झाड मरत का होते? खालची पाने पिवळी, लिबलिबीत, बुंधा तपकिरी, मातीला आंबूस वास. येता-जाता जो तो तांब्याभर पाणी ओतत होता. कुणी चहाचा चोथा, कुणी तांदळाचे धुवण. माया करून मारण्याचा हा प्रकार. घायपात हे कोरड्या मुलखातले झाड. दिवसा उन्हात ते आपली श्वसनछिद्रे मिटून घेते आणि रात्री उघडते, म्हणून पाणी फार कमी उडते. साठा पानात असतो. मुळाशी पाणी तुंबले की मुळे कुजतात, आणि कुजलेल्या मुळांना पाणी वर पोचवता येत नाही. त्यामुळे पाने सुकल्यासारखी दिसतात आणि आपण आणखी पाणी घालतो! तहानेने सुकलेले पान सुरकुतते पण टणक राहते, त्याची मुळे पांढरट व घट्ट असतात. कुजणारे पान मऊ, ओलसर लागते. लांब, फिक्या, लोंबत्या पानांचे झाड उजेडाला हपापलेले असते.

आम्ही हातात प्लास्टिकच्या पिशव्या चढवून झाड बाहेर काढले. रोपवाटिकेतली तांबडी चिकट माती गोळ्यासारखी आत तशीच होती. ती धुऊन टाकली. काळी, पोकळ, बोटांत चिरडणारी मुळे सुरीने काढली, लिबलिबीत पानेही काढली. इथे एक परीक्षा असते : मधला कोंब हलकेच ओढून पाहायचा. तो हातात निघून आला तर आईझाड गेले असे समजावे आणि बाजूची पिल्ले वाचवावीत. आमचा कोंब घट्ट होता. झाड सावलीत, वर्तमानपत्रावर, पाच दिवस उघडे ठेवले, जखमा सुकेपर्यंत. मातीबाहेर पाच दिवस ठेवल्याने ते मरत नाही. ओल्या जखमेने लावले तर मरते.

नवी कुंडी मातीची, बुडाला भोक असलेली, मुळांपेक्षा थोडीच मोठी घ्यावी. मोठ्या कुंडीत ओल फार दिवस राहते. भरण निम्मी माती, निम्मी जाड रेती व विटांचे बारीक तुकडे. रेती नदीची किंवा बांधकामाची चालेल, समुद्राची खारट नको. कोकोपीट पाणी धरून ठेवते, म्हणून टाळावे. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. लावल्यावर आठवडाभर पाणी नाही. पुढे काडी तळापर्यंत खुपसून पाहायची, कोरडी निघाली तरच भरपूर पाणी. उन्हाळ्यात साधारण आठ-दहा दिवसांनी, हिवाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी, पावसाळ्यात वळचणीखाली ठेवून जवळजवळ नाहीच. उन्हाला हळूहळू सरकवावे, एकदम मेच्या उन्हात ठेवले तर पाने भाजून पांढरी पडतात. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे दिसले तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बोळ्याने पुसून काढावा.

दोन महिने काहीच घडले नाही. मंडळातल्या एक-दोघी पुन्हा पाणी घालू लागल्या, त्यांना आजींनी दटावले. तिसऱ्या महिन्यात कोंबातून नवे पान सुटले. थंडी सरता सरता बाजूला दोन पिल्ले वर आली.

एक गोष्ट सांगायची राहिली. घायपात शंभर वर्षांनी फुलते असे म्हणतात, ते खरे नव्हे. मोठी जात साधारण दहा ते तीस वर्षांत, सिसल त्याहून लवकर, जमिनीत असेल तर वीस-पंचवीस फुटांपर्यंत दांडा टाकते, एकदाच फुलते आणि मरते. कुंडीत असे क्वचितच होते. झालेच तर कुणाच्या हाताचा दोष काढू नये. मरण्याआधी पिल्ले तर असतातच, सिसलच्या दांड्यावरसुद्धा शेकडो छोटी रोपे लागतात.

पिल्लू चार-पाच इंचांचे झाले की धारदार सुरीने, स्वतःच्या मुळांसह वेगळे करावे, चार दिवस सुकवून वरच्यासारखेच लावावे. आमच्या दोन पिल्लांपैकी एक त्या तरुण कार्यकर्त्याने मागून नेले. दुसरे अजून विहारातच आहे. त्याच्या कुंडीवर रंगाने मोठ्या अक्षरांत लिहिले आहे : "घायपात (केकताड). कोरफड नव्हे. रस अंगाला लावू नये."