आनंद हेंच सार

ख्रिस्ती धर्माविषयीं आपल्या घरांतून एक समज फार दिवस चालत आला आहे. तो धर्म म्हणजे पापाची कबुली, पश्चात्ताप आणि रविवारची उपासना. त्यांत आनंदाला जागा कोठली? आम्हीही एके काळीं असेंच समजत होतों. त्या धर्माचे मूळ ग्रंथ पाहिल्यावर मात्र हा समज टिकत नाहीं.

संत पौलानें फिलिप्पै येथील मंडळीला पत्र लिहिलें, तें बंदिवासांतून. पुढें सुटका कीं मृत्यु, याचा भरंवसा नव्हता. तरीही त्या लहानशा पत्रांत आनंदाचाच उच्चार पुनःपुन्हा होतो. हा आनंद परिस्थितीनें दिलेला नव्हे, म्हणून परिस्थितीला तो हिरावतांही आला नाहीं. पुढें सुमारें १६०० वर्षांनीं, १६४७ सालीं, लंडनांत वेस्टमिन्स्टर येथें जमलेल्या धर्मपंडितांनीं नवशिक्यांसाठीं एक प्रश्नोत्तरी रचली. तिच्या पहिल्याच उत्तरांत ईश्वराच्या गौरवाबरोबर ईश्वराच्या ठायींचा नित्य आनंद हेंही मनुष्यजन्माचें मुख्य साध्य मानलें आहे.

महाराष्ट्रांत याचें उदाहरण म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा संसार दुभंगला. लक्ष्मीबाई मुलासह आप्तांकडे राहिल्या. त्या ताटातुटीची हकीकत 'स्मृतिचित्रें' वाचणाऱ्या कोणत्याही एकत्र कुटुंबाच्या काळजाला भिडते. पुढें दोघें पुन्हा एकत्र आलीं, व १९०० सालीं लक्ष्मीबाईंनींही बाप्तिस्मा घेतला; पण म्हणून मधलें दुःख खोटें ठरत नाहीं. आनंदाच्या नांवाखालीं तें झांकणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

टिळकांची भक्ति मात्र त्या दुःखानें करपली नाहीं. तुकोबांच्या वाटेनेंच आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते म्हणत. आणि तो हर्ष त्यांनीं अभंगांतून व कीर्तनांतून गाइला. १९१७ सालीं मिशनचा पगार सोडून त्यांनीं संन्यास पत्करला व 'देवाचा दरबार' स्थापिला. १९१९ सालीं त्यांचें देहावसान झालें. अपुरें राहिलेलें 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें.

धर्म कोणता, हा वाद येथें नाहीं. पूजा यथासांग झाली, नेमांत एकही चूक नाहीं, पण देवघरांतून बाहेर येतांना कपाळाला आंठ्या आणि जिभेवर सुनांसाठीं कठोर शब्द, असें आपल्या घरांत घडत असेल, तर देवाला आपण कर्तव्य म्हणून भेटलों, आनंद म्हणून नव्हे, हें कबूल केलें पाहिजे.